विनोद क्रमांक एक ते चाळीस, आल्मेरे साइट

३ मार्च, सोमवार

आज वार्षिक मूल्यमापन झालं. एकंदरीत उत्तम. मार्लूस, म्हणजे आमची प्रोजेक्ट लीडर, म्हणाली की माझं प्लॅनिंग अचूक आहे, ड्रॉइंग वेळेवर असतात, आल्मेरेच्या या अठ्ठावीस रो-हाउसमध्ये एकही जिना चुकीच्या घरात गेलेला नाही. मग म्हणाली, एकच गोष्ट. सकाळच्या कॉफीला मी साइटच्या केबिनमध्ये असतो, पण असल्यासारखा वाटत नाही. माणसांना मी अजून कळलेलो नाही. माझं एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट तीस जूनला संपतं. ते कायमचं करायचं की नाही, हे ती मे अखेरपर्यंत सांगणार आहे.

घरी येताना सायकलवर विचार केला. वारा समोरून होता, त्यामुळे विचाराला पंधराऐवजी पस्तीस मिनिटं मिळाली. निष्कर्ष स्पष्ट आहे: मी विनोदी आहे हे या डच लोकांना माहीतच नाही! पुण्यात सोसायटीच्या गणपतीत सलग सहा वर्षं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. सातव्या वर्षी कमिटीने नव्या लोकांना संधी द्यायचं ठरवलं, ते वेगळं.

संकल्प: रोज कॉफीला बांधकामावरचा एक विनोद. एकूण चाळीस. वहीत क्रमांक घालून लिहून काढले.

उल्का, माझी बायको, म्हणाली की नुसतं त्यांच्याशी बोललं तर नाही का चालणार. ती बँकेत डेटा बघते. तिथे कोणी हसत नाही.

४ मार्च, मंगळवार

सकाळी साडेनऊ. विनोद क्र. १ सांगितला. आमच्याकडे माणूस फ्लॅट बुक करतो तेव्हा बायको गरोदर असते, आणि बिल्डर ताबा देतो तेव्हा तो मुलगा त्याच बिल्डरकडे नोकरीला असतो.

कोणी हसलं नाही. फोरमन खेर्टने कप खाली ठेवला आणि विचारलं की करारात विलंबाचं कलम नव्हतं का. क्रेनवाल्या शूर्डने विचारलं की मुलाचं आता कसं चाललंय. मी म्हटलं बरं चाललंय.

पहिलाच दिवस आहे.

५ मार्च

विनोद क्र. २. गिलाव्याचा काँट्रॅक्टर म्हणतो उद्या वाळेल, आणि आपण विचारायचं, कुठला उद्या?

शूर्डने मोबाइल काढून हवेतली आर्द्रता बघितली. अठ्ठ्याऐंशी टक्के. म्हणाला की शुक्रवारच्या आत वाळणार नाही, त्या काँट्रॅक्टरला सांग.

७ मार्च, शुक्रवार

शोध लागला! डच माणसाला हसू उशिरा येतं. आज ९:४० ला विनोद क्र. ४ सांगितला (आर्किटेक्ट स्वप्न बघतो, इंजिनियर त्याला उठवतो, काँट्रॅक्टर पलंगाचं बिल लावतो). खेर्टने विचारलं, कुठला पलंग. सगळे उठून कामाला गेले. आणि बरोबर ११:१५ ला परांचीवरून मोठ्ठा हशा ऐकू आला. म्हणजे पंच्याण्णव मिनिटं. काँक्रीटला सेट व्हायलाही वेळ लागतोच.

आता विनोद सांगून झाल्यावर पंच्याण्णव मिनिटांनी साइटवर एक चक्कर मारायची असं ठरवलं आहे.

१२ मार्च

या लोकांना स्वतःला मात्र विनोद अजिबात जमत नाही. नोंद करून ठेवतो.

एक: मी आज दहा मिनिटं उशिरा पोचलो, तर खेर्ट म्हणाला, शुभ दुपार. मी घड्याळ दाखवून सांगितलं की आत्ता सकाळचे सात दहा झालेत. तो म्हणाला, धन्यवाद.

दोन: गार वाऱ्यासाठी मी हेल्मेटच्या आत माकडटोपी घालतो. शूर्डने विचारलं की बँक लुटून झाली की तू परत येणार आहेस ना, दुपारी जिने यायचेत. मी सांगितलं की माझं खातं ऑनलाइन आहे, बँकेत जावं लागत नाही.

तीन: माझं अकरा पानी वेळापत्रक खेर्टने संडासात लावलं आहे. ही मात्र चांगली गोष्ट आहे. तिथे प्रत्येकाला शांतपणे वाचायला मिळतं.

२० मार्च

विनोद क्र. ५ ते १२ झाले. हशा शून्य, प्रश्न एकोणीस.

प्रकाशला पुण्यात फोन लावला. तो माझ्या हाताखाली ज्युनियर होता तेव्हा माझा प्रत्येक विनोद त्याला आवडायचा, कधीकधी तर मी बोलायच्या आधीच हसायचा. मी कंपनी सोडल्यापासून त्याचा फोन सारखा एंगेज लागतो.

२१ मार्च

ऋजुताला क्र. १३ म्हणून दाखवला. ती अकरा वर्षांची आहे, शाळा इथलीच. मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते. म्हणाली की बाबा, तुम्ही आधी हसता, मग सांगता, मग परत हसता, मग बाकीच्यांना जागाच उरत नाही. उल्काला खोकला आला.

संकल्प: यापुढे चेहरा दगडासारखा ठेवायचा. न हसता सांगायचं. जगातले सगळे मोठे विनोदवीर हेच करतात.

२८ मार्च

आठवडाभर दगडी चेहरा. खेर्टने आज बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. कंपनीत बोलायला एक बाई आहे, म्हणाला, मोफत आहे.

१ एप्रिल, मंगळवार

आज सावध होतो. एप्रिल फूल इथेही करतात. ठरवूनच टाकलं की आज कोणाचंही काहीही खरं मानायचं नाही.

७:३० – खेर्टचा फोन. म्हणे जिन्यांचा ट्रक तासभर आधीच आलाय आणि गल्लीत अडकलाय, ताबडतोब ये. मी हसून फोन ठेवला.

७:४० – परत फोन. परत हसलो.

८:०५ – हेल्मेट घातलेला एक अनोळखी माणूस केबिनमध्ये आला आणि म्हणाला की मी खेमेन्तेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, इन्स्पेक्शनला आलोय. मी डोळा मारला. त्याने कार्ड दाखवलं. मी कार्डचं कौतुक केलं, छपाई कुठे केली विचारलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. अभिनय उत्तम!

८:३० – ट्रक खरा होता. तो शाळेच्या गल्लीत आडवा उभा होता आणि त्याच्या मागे चौदा सायकली, प्रत्येकीला पुढच्या बाजूला पेटी, प्रत्येक पेटीत दोन-दोन मुलं. मुलं खूश होती.

८:४५ – इन्स्पेक्टरही खरा होता.

एकंदरीत दिवस थोडा दमवणारा गेला. पण फसलो नाही.

२ एप्रिल, बुधवार

एक एप्रिल संपला, सावधपणा सोडला. मोकळं वाटलं.

आज कॉफीला पहिल्यांदाच खेर्ट माझ्याशी आपणहून कामाचं बोलला. अगदी गंभीरपणे. म्हणाला की मे महिन्यात घरांत स्कर्टिंग बसवायला सुरुवात होईल आणि साइटवर एकही प्लिंटट्रॅप नाही, तू स्टोअरमध्ये जरा बघतोस का. प्लिंटट्रॅप म्हणजे स्कर्टिंग बसवताना उभं राहायची शिडी. बाकीचे सगळे आपापल्या कपात बघत होते. टंचाईची त्यांना कल्पना असावी.

स्टोअरच्या कंटेनरमध्ये दोन तास शोधलं. नाही. परत येऊन सांगितलं. खेर्ट म्हणाला, मग बांधकाम कसं होणार. त्याचा आवाज चक्क भरून आला होता.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर सोडून दिलं असतं. पण प्लॅनिंग माझ्याकडे आहे.

३ एप्रिल

प्लिंटट्रॅपवर विचार केला. स्कर्टिंग म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, ती जमिनीलगत असते हे मला माहीत आहे. अकरा वर्षं पिंपरीत काम केलंय. तिथे गडी जमिनीवर उकिडवा बसून काम करायचा आणि त्याच्या गुडघ्यांची कोणी फिकीर करायचं नाही. इथे बघा, स्कर्टिंगलासुद्धा शिडी! देश पुढे जातो तो असा.

किरकोळ साहित्य मागवायचा अधिकार मला आहे. पद्धतशीर काम करणार. तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मग ऑर्डर.

९ एप्रिल

पहिल्या पुरवठादाराने फोन ठेवला. दुसऱ्याला ठसका लागला, त्याने फोन सहकाऱ्याला दिला, त्यालाही लागला. साथ असावी. तिसरा हार्लेमचा एक म्हातारा सुतार. तो हळू आवाजात म्हणाला की पन्नास वर्षं झाली धंद्यात, ही ऑर्डर देणारा तू पहिलाच. किती नग, कुठलं लाकूड?

मी म्हटलं बारा नग. सुतार सहा, प्रत्येकी दोन, कारण पाय दोन. लाकूड बीच.

ड्रॉइंगही मीच केलं. स्कर्टिंगची उंची सात सेंटिमीटर, म्हणून शिडीची बारा ठेवली, म्हणजे वरून नीट हात पोचेल. एक पायरी. वर न घसरणारी पट्टी. दीडशे किलोचा भार घेईल.

तुलनात्मक तक्त्यात दोन रकाने रिकामे राहिले.

१७ एप्रिल

विनोद क्र. २४ ला हशा!! मी म्हटलं की समुद्राच्या तीन मीटर खाली घर बांधणारा देश हा जगातला एकमेव देश, जिथे तळमजल्यावर राहणारा माणूस बेसमेंटमध्ये राहतो. सगळ्यांनी कॉफीचा घोट घेतला. मग खेर्टने सहज विचारलं की प्लिंटट्रॅपचं कुठवर आलं. मी सांगितलं की ड्रॉइंगची दुसरी आवृत्ती पाठवली, कोपरे गोल करून घेतले, सेफ्टी. तेव्हा सगळे एकदम हसले. शूर्ड बाहेर निघून गेला आणि केबिनच्या भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

म्हणजे हशा यायला लागणारा वेळ पंच्याण्णव मिनिटांवरून दीड मिनिटावर आला. प्रगती आहे.

८ मे, गुरुवार

ऐतिहासिक दिवस.

हार्लेमचा म्हातारा सुतार बारा प्लिंटट्रॅप घेऊन स्वतः आला. कोट घालून, टाय लावून. मला म्हणाला, तुला प्रत्यक्ष भेटायचं होतं. माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवत राहिला. डोळ्यांत पाणी होतं. या क्षेत्रातली ज्येष्ठ माणसं साधी असतात.

मी शिड्या ओळीने मांडल्या आणि लोक जमलेच आहेत म्हणून विनोद क्र. ३१ सांगितला (खड्डा आधी की खड्ड्याचं टेंडर आधी). आणि काय सांगू! खेर्ट जमिनीवर बसला. सुतार एकमेकांना धरून उभे होते. शूर्ड क्रेनवरून खाली उतरला. कॉफी आणि जेवण सोडून तो खाली उतरला असं वर्षभरात कधी झालं नव्हतं. एकेकाने शिडीवर चढून माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढले.

हशा: अकरा मिनिटं. घड्याळ लावून मोजला. क्र. ३१ वर दोन वेळा लाल रेघ मारून ठेवली आहे. पुन्हा वापरायचा.

उल्काला सगळं सांगितलं, फोटो दाखवला. ती फोटोकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. म्हणाली, तू खूश आहेस ना? मी म्हटलं खूप. मग ठीक आहे, म्हणाली, आणि आत गेली.

९ मे

क्र. ३१ पुन्हा सांगितला. खेर्टने विचारलं, टेंडर कुठल्या विभागाचं.

१४ मे

मार्लूस साइटवर आली होती. एक प्लिंटट्रॅप हातात घेऊन उलटसुलट बघितला, माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटले आणि घाईघाईने गाडीकडे गेली. कॉन्ट्रॅक्टचं काही बोलली नाही.

मे संपायला सतरा दिवस. माझं इथे राहायचं परमिट या कंपनीच्या नावावर आहे, उल्काचं आणि ऋजुताचं माझ्या नावावर. ऋजुताने काल जेवताना विचारलं की पुढच्या वर्षीच्या शाळेच्या कॅम्पला नाव द्यायचं का. मी म्हटलं दे. भाजी परत वाढून घेतली. भूक नव्हती.

१९ मे, सोमवार

ऋजुता शाळेतून आली ती दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या मैत्रिणीचे वडील दुसऱ्या एका साइटवर कौलं बसवतात. ते हसत हसत सांगत होते की आल्मेरेत एका इंजिनियरने खरोखर प्लिंटट्रॅप बनवून घेतले. बाबा, म्हणाली, प्लिंटट्रॅप नावाची वस्तूच नसते. नवीन माणसाची गंमत करायला त्याला तो आणायला पाठवतात. आपल्या देशात सगळ्यांना हे माहीत आहे.

आपल्या देशात, असं म्हणाली.

मी तिला फोटो दाखवला. नीट बघून म्हणाली की आता असते.

वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. चाळीस विनोद वहीत लिहिले, रोज एक सांगितला, आणि साइटवरचा विनोद मीच होतो. म्हातारा सुतार टाय लावून मला बघायला आला होता. उल्काला विचारलं की तुला माहीत होतं का. ती म्हणाली, बारा नग ऐकल्यावर शंका आली होती, पण तू कोपरे गोल करत होतास, तुला मध्येच कसं थांबवायचं.

न जेवता झोपलो.

२० मे, मंगळवार

सकाळी उठलो तेव्हा डोकं एकदम स्वच्छ होतं. काल मी याकडे चुकीच्या बाजूने बघितलं. त्यांनी माझी गंमत केली, म्हणजेच ते मला आपल्यातला समजतात. आणि आता डाव माझा! असा उलटा टोला मारायचा की आल्मेरे विसरणार नाही.

शुक्रवारी पाननबीर आहे. शेवटच्या घराचं आढं चढलं की वर झेंडा लावायचा आणि मालकाने सगळ्या कामगारांना बिअर पाजायची, अशी इथली जुनी रीत आहे. नाही पाजली तर झेंड्याच्या जागी झाडू लावतात. सगळे असतील, मार्लूससुद्धा.

बेत: सगळ्यांसमोर, दगडी चेहऱ्याने, मार्लूसच्या हातात माझा राजीनामा द्यायचा. एक मिनिट पूर्ण शांतता. मग म्हणायचं, काय, प्लिंटट्रॅप आणायला पाठवलं की नाही तुम्हाला! हशा. मिठ्या. कायमचं कॉन्ट्रॅक्ट.

२२ मे, गुरुवार

राजीनाम्याचा तिसरा मसुदा झाला. पहिल्यात विनोद चटकन ओळखू येत होता. दुसऱ्यात थोडा. तिसऱ्यातून त्याचा शेवटचा अंशसुद्धा काढून टाकला. आता पत्र इतकं गंभीर आहे की हसून मरतील. तारीख, एक जुलैपासून सेवेतून मुक्त करावे, कामाचा पूर्ण ताबा देईन, सगळं रीतसर. शेवटी आभाराचं एखादं वाक्य हवं, म्हणून लिहिलं की या केबिनमध्ये मला घरच्यासारखं वाटलं.

डच भाषा ऋजुताने तपासली. तिने विचारलं की हे खरं आहे का. मी म्हटलं गंमत आहे. ती म्हणाली, ओके, पण कुठे? मी म्हटलं, शुक्रवारी कळेल.

उल्काला सांगितलेलं नाही. ती उगीच शंका काढते.

२३ मे, शुक्रवार

सविस्तर लिहितो.

दुपारी तीन. झेंडा वर गेला. मी अल्कोहोल नसलेली बिअर घेतली, कारण टायमिंग महत्त्वाचं होतं. बाटलीवर चावी वाजवली, सगळे गप्प झाले. मी दगडी चेहऱ्याने पत्र मार्लूसला दिलं.

तिने वाचलं. पूर्ण वाचलं. मग सगळ्यांना सांगितलं की विनायक आपल्याला सोडून जातोय.

मी मनात मोजायला सुरुवात केली. साठ सेकंद. वीसपर्यंत पोचलो तेवढ्यात खेर्ट पुढे आला. म्हणाला, तीस वर्षांत इतका चांगला प्लॅनर बघितला नाही, पहिल्या दिवसापासून एक खिळा कमी पडला नाही. इथे माझं मोजणं चुकलं. परत एकपासून सुरुवात केली. शूर्ड म्हणाला की वर क्रेनमध्ये एकट्याला फार कंटाळा येतो, पण या वर्षी मी घरी जाऊन रोज बायकोला तुझं काहीतरी सांगायचो. सुतारांपैकी एक जण म्हणाला की तो प्लिंटट्रॅप मी घरी नेलाय, माझी आई त्यावर पाय ठेवून टीव्ही बघते.

आता यात मध्येच कसं बोलणार? माझ्याविषयी इतकं चांगलं सलग कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. पुण्यातसुद्धा नाही. म्हटलं, एवढे दोघे बोलून होऊ देत. मग म्हटलं, हा एक राहिलाय, त्याचंही ऐकू. मग खेर्टला परत काहीतरी आठवलं.

मार्लूसने माझा हात हातात घेतला. म्हणाली, तू इतक्या स्पष्टपणे सांगितलंस याचा मी आदर करते. पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि साडेचारला मुलांना पाळणाघरातून आणायला निघून गेली.

४:३५ ला मी उरलेल्या चौघांना म्हटलं, काय, प्लिंटट्रॅप आणायला पाठवलं की नाही तुम्हाला! त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. शूर्डचे डोळे लाल होते. म्हणाला, शेवटपर्यंत हसतमुख राहिलास.

निघताना खेर्ट म्हणाला की वाईट वाटतंय, कारण तुझं कायमचं कॉन्ट्रॅक्ट सही करून मार्लूसच्या त्याच पर्समध्ये होतं. आज सगळ्यांसमोर देणार होती.

२४ मे, शनिवार

उल्काला सांगितलं. ती कपाटातले डबे काढून पुसायला लागली. सगळे पुसले. मग पुसलेलेच परत पुसले.

२६ मे, सोमवार

मार्लूसला फोन. आज तिची सुट्टी होती. व्हॉइसमेलवर सगळा विनोद समजावून सांगितला. मध्येच वेळ संपली. परत लावला, दुसरा भाग सांगितला. तिसरा भाग उल्का म्हणाली की पाठवू नकोस.

२७ मे, मंगळवार

मार्लूसने प्रकरण एचआरकडे दिलं आहे. एचआरच्या बाईंचा मेल आला, अतिशय सभ्य. म्हणतात की माझा राजीनामा विनोदाच्या हेतूने दिला गेला असल्याचं त्यांना समजलं आहे. कंपनीचा विनोदाला पाठिंबा आहे. मात्र पत्र फाइलला लागलं आहे आणि त्यांना ते चार वेळा वाचूनही तसं काही आढळलं नाही. तरी मी पत्राच्या प्रतीवर विनोद ज्या वाक्यांत आहे ती वाक्यं अधोरेखित करून पाठवावं. ती वाक्यं रद्द धरली जातील, उरलेलं पत्र वैध. मुदत बुधवार दुपारी बारा, कारण गुरुवारपासून सुट्टी.

२८ मे, बुधवार

सकाळी सव्वासात. कॉफीच्या टेबलावर पत्राची प्रत, लाल पेन, पट्टी. आज मी साइटवर उशिरा येणार असं खेर्टला कळवलं. त्याने लिहिलं, शुभ दुपार.

पहिल्या वाक्याखाली रेघ मारली. दुसऱ्याखालीही. ताबा देण्याचं वाक्य, एक जुलैचं वाक्य. एकेक करत सगळीच. शेवटच्या वाक्यापाशी पट्टी ठेवली आणि थांबलो. उल्का माझ्या मागे उभी राहून वाचत होती. तिने बोटाने पट्टी बाजूला सरकवली. म्हणाली, हे तर खरं आहे ना? मी म्हटलं हो. त्याखाली रेघ मारली नाही. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, हात माझ्या खांद्यावर.

८:०५ – फोटो काढून पाठवला.

९:५० – एचआरच्या बाईंचं उत्तर. अधोरेखित वाक्यं रद्द केली आहेत. म्हणजे माझ्या राजीनाम्यात आता एवढंच उरलं आहे की या केबिनमध्ये मला घरच्यासारखं वाटलं. ते त्यांनी फाइलला लावलं आहे. कायमचं कॉन्ट्रॅक्ट सोमवारी मार्लूसच्या हस्ते मिळेल. अभिनंदन.

उल्काने ऋजुताच्या शाळेला फोन करून कॅम्पला नाव दिलं. मी डोळे पुसले. धूळ, साइटची.

१०:१५ – बाईंचा आणखी एक मेल. कामाचा नाही, म्हणतात. अधोरेखित वाक्यं त्यांनी आज ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवली. सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकली. सवड असेल तर, यातलं नेमकं कुठलं वाक्य गमतीचं होतं, हे मी कळवू शकेन का.

पत्र काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. सावकाश. मग एकदा मोठ्याने.

मलाही सापडत नाहीये.